दिलेल्या विषयावर कविता होते का? कीट्सच्या सोळा महिन्यांची केस

महिन्याला एक विषय द्यायचा आणि सगळ्यांनी त्यावर कविता लिहायची, हा प्रकार आता बऱ्याच ग्रुपवर चालतो, आणि सुरू झाला की दोन-तीन महिन्यांत एक वाद हमखास पेटतो. एक पार्टी म्हणते ऑर्डरप्रमाणे कविता होत नसते, आतून यावी लागते, दुसरी म्हणते वाट बघत बसलात तर वर्षाला दीड कविता होईल, त्यापेक्षा बसा आणि लिहा. आमच्या वाचनकट्ट्यावर हे भांडण इतकं जुनं झालंय की कोण काय बोलणार ते आधीच पाठ असतं. म्हणून म्हटलं, मतं बाजूला ठेवू आणि एकच केस घेऊ, जिच्या तारखा माहीत आहेत, पत्रं शिल्लक आहेत, साक्षीदाराने लिहून ठेवलंय, आणि बघू की वाचन आणि दिलेला विषय यांचं नक्की काय गणित होतं.

केस इंग्रजी कवी जॉन कीट्सची. पण अख्ख्या आयुष्याची नाही हं, ऑक्टोबर १८१६ ते फेब्रुवारी १८१८ एवढीच. या सोळा महिन्यांत त्याने पुस्तक वाचून त्याच झपाट्यात कविता लिहिल्यात, घड्याळ लावून दिलेल्या विषयावर लिहिल्यात, विषय देऊनही काही सुचलं नाही असंही झालंय, आणि वर कविता कशी यावी याबद्दल एक ठाम विधानही करून ठेवलंय जे आपली पहिली पार्टी झेंड्यासारखं फडकवते. एवढा सगळा माल एकाच माणसात सापडणं दुर्मीळच.

आधीची हिस्ट्री

जन्म ३१ ऑक्टोबर १७९५, लंडन. वडील घोड्यांच्या तबेल्याचा धंदा बघायचे, कीट्स आठ वर्षांचा असताना घोड्यावरून पडून गेले, आई तो चौदा वर्षांचा असताना क्षयाने गेली. म्हणजे घरी पुस्तकांची कपाटं, विद्वान काका वगैरे काही भानगड नाही. जे काही मिळालं ते एन्फील्डच्या शाळेत, आणि तिथेही मुख्य म्हणजे मुख्याध्यापकांचा मुलगा चार्ल्स कौडन क्लार्क, जो कीट्सपेक्षा आठेक वर्षांनी मोठा होता. आपल्याकडे असता तर सगळ्या वर्गाचा क्लार्कदादा झाला असता. पुढे कीट्सला एडमंटनला एका सर्जनकडे उमेदवारीला ठेवलं, पण तो तिथून चालत एन्फील्डला यायचा, वाचलेलं पुस्तक परत द्यायचा आणि नवीन घेऊन जायचा.

क्लार्कने त्याला स्पेन्सरचं 'फेअरी क्वीन' दिलं, सोळाव्या शतकातलं एक प्रचंड लांब काव्य, आजच्या भाषेत सांगायचं तर बहुतेक लोक पाच पानांत सोडतील असं. कीट्स त्यावर तुटून पडला. त्यात एका ठिकाणी देवमाशांसाठी एक विशेषण आहे, समुद्राला खांदा देऊन पुढे रेटणारे अशा अर्थाचं, आणि क्लार्क सांगतो की ते सांगताना कीट्सने स्वतःच खांदे उचलून छाती फुगवली, जणू काही तोच देवमासा. मला या सगळ्या केसमधली ही नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा पोरगा कथा किती पुढे गेली ते बघत नव्हता, एका शब्दाशी थांबून तो अंगात येईपर्यंत वाचत होता. त्याची पहिली कविता, १८१४ सालची, तीसुद्धा स्पेन्सरची नक्कलच आहे आणि शीर्षकातच तसं सांगितलंय, काही लपवाछपवी नाही.

मग गायज हॉस्पिटल, जखमांची ड्रेसिंगं, ऑपरेशनला मदत, आणि २५ जुलै १८१६ ला अपॉथेकरीची परीक्षा पास. त्या काळी अपॉथेकरी म्हणजे औषधं देणारा, साधारण जनरल प्रॅक्टिसवाला डॉक्टर. त्याआधी मे महिन्यात ली हंट नावाच्या संपादकाच्या 'एक्झामिनर' साप्ताहिकात त्याचं एक सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, छापून आलं होतं. हा हंट म्हणजे राजपुत्रावर टीका केली म्हणून दोन वर्षं तुरुंगात जाऊन आलेला माणूस, हॅम्पस्टेडला राहायचा, घरात कायम कवी-चित्रकार पडीक. पुढे येईलच तो.

ऑक्टोबर १८१६: विषय कुणीच दिला नव्हता

क्लार्क तोवर लंडनला क्लार्कनवेल भागात राहायला आला होता आणि त्याच्याकडे कुणाची तरी उसनी आलेली ग्रीक महाकवी होमरची एक जाडजूड जुनी प्रत होती, जॉर्ज चॅपमनने केलेला इंग्रजी अनुवाद, जवळजवळ दोनशे वर्षं जुना. तोपर्यंत या लोकांना होमर माहीत होता तो अलेक्झांडर पोपचा, म्हणजे अठराव्या शतकातला, गुळगुळीत, इस्त्री केलेला. दोघे संध्याकाळी बसले आणि गाजलेले प्रसंग काढून दोन्ही अनुवादांत कसे आलेत ते ताडून बघत बसले, मोठ्याने वाचत. जहाज फुटून ओडिसियस किनाऱ्याला लागतो त्या प्रसंगात चॅपमन लिहितो की समुद्र त्याच्या काळजापर्यंत झिरपला होता. पोप तिथे नाकातोंडातून खारं पाणी वाहिलं वगैरे लिहून मोकळा होतो. चॅपमनच्या त्या ओळीवर कीट्सची नजर जी खिळली तिचं क्लार्कला आयुष्यभर विशेष वाटत राहिलं.

पहाट झाली तेव्हा कीट्स निघाला, चालत, टेम्सच्या पलीकडे सदर्कमध्ये त्याची खोली होती, साधारण दोन मैल. आणि सकाळी दहाला क्लार्क नाश्त्याला येतो तर टेबलवर पाकीट, आत चौदा ओळी, चॅपमनचा होमर पहिल्यांदा वाचण्यावर. इंग्रजीतलं एक सगळ्यात नावाजलेलं सुनीत आणि ते रात्रभर जागून, चालत घरी जाऊन, नाश्त्याच्या आत पोहोचवलेलं.

आता आतून कविता येण्याचा याहून चांगला पुरावा काय हवा, असं पहिली पार्टी म्हणणार. थांबा जरा. त्या चौदा ओळींत आहे काय ते बघा. कवी म्हणतो मी साहित्याच्या सोन्याच्या मुलखांत खूप फिरलो, होमरच्या राज्याबद्दल ऐकून होतो, पण तिथली हवा छातीत भरली ती चॅपमनचा आवाज ऐकल्यावर, आणि तेव्हा मला कसं वाटलं तर आकाश न्याहाळणाऱ्याच्या नजरेत एखादा नवीन ग्रह तरंगत यावा तसं, किंवा डेरियनच्या (आजच्या पनामाकडच्या) डोंगरावरून पॅसिफिककडे पहिल्यांदा बघणारा स्पॅनिश मोहीमवाला कोर्तेझ आणि त्याची थक्क झालेली माणसं, तसं. हा ग्रह कुठून आला? १७८१ मध्ये हर्शेलने युरेनस शोधला होता, आणि कीट्सला शाळेत बक्षीस मिळालेलं एक पुस्तक होतं, बॉनीकॅसल नावाच्या लेखकाची खगोलशास्त्राची ओळख. पॅसिफिकचा प्रसंग कुठून? रॉबर्टसनच्या अमेरिकेच्या इतिहासातून, तेही शाळेच्या दिवसांतलं वाचन. आणि त्यात गडबडही आहे, डेरियनवरून १५१३ मध्ये तो समुद्र पाहणारा युरोपियन बाल्बोआ होता, कोर्तेझ नाही. काही अभ्यासक म्हणतात त्याने मुद्दाम केलं, असेलही, पण मला तर रॉबर्टसनमधले दोन प्रसंग डोक्यात एकमेकांत मिसळले हेच जास्त पटतं, कारण पहाटे चालणाऱ्या माणसाच्या हातात रॉबर्टसन नव्हता, जे होतं ते मुरलेलं होतं.

म्हणजे सुचलं एका रात्रीत पण सामान गोळा झालेलं पाच-सहा वर्षं. आणि त्या सामानात कविता कमी, खगोल नि इतिहास जास्त, तेही बक्षिसाचं पुस्तक, जे आपल्याकडे प्लास्टिकचं कव्हरसुद्धा न काढता माळ्यावर जातं. शिवाय दहा वाजता पोहोचलेली कविता तशीच्या तशी राहिली नाही. नंतर त्याने एक अख्खी ओळ काढून दुसरी घातली, कोर्तेझच्या डोळ्यांचं विशेषण बदलून तिथे गरुडाचे डोळे आणले. १ डिसेंबर १८१६ च्या 'एक्झामिनर'मध्ये हंटने ती तरुण कवींवरच्या लेखात छापली.

३० डिसेंबर १८१६: विषय दिला, घड्याळ लावलं

हंटचं घर, हॅम्पस्टेड, कडाक्याची थंडी. हजर तिघंच, हंट, कीट्स आणि क्लार्क. गप्पा चालल्यात शेकोटीजवळ राहणाऱ्या रातकिड्यावर, त्याची सवय काय, त्याच्या आवाजाने घर कसं घरासारखं वाटतं असलं काहीतरी निवांत. आणि हंट एकदम म्हणतो चल, इथेच, आत्ता, वेळ लावून, नाकतोडा आणि रातकिडा यावर सुनीत. दोघं बसले. क्लार्क सोफ्याच्या टोकाला पुस्तक घेऊन, वाचायचं नाटक करत मधूनमधून चोरून बघतोय.

नेटवर सगळीकडे पंधरा मिनिटं असं छापलेलं दिसतं, पण साक्षीदार क्लार्क स्वतः सांगतो की किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, मला कुणी पंच नेमलं नव्हतं आणि माझ्याकडे स्टॉपवॉच नव्हतं. वेळ मात्र अशा कामासाठी कमीच होता आणि आधी पूर्ण केलं ते कीट्सने, एवढं नक्की.

कीट्सची पहिली ओळ म्हणते धरतीची कविता कधी मरत नाही. मग उन्हाळा, पक्षी उन्हाने दमून झाडांत लपलेत, आणि नुकत्याच कापलेल्या गवतावरून, कुंपणाकुंपणाने एक आवाज पळतोय, तो नाकतोड्याचा. मग वळण घेतो आणि हिवाळ्यातली एकटी संध्याकाळ येते, गोठलेल्या दवाने शांतता तयार केलीय, आणि शेगडीमागून रातकिड्याचा आवाज निघतो, आणि डुलकी लागत आलेल्या माणसाला वाटतं हा तर डोंगरावरच्या गवतातला नाकतोडाच. हंटचं सुनीत वेगळ्या वाटेने जातं, तो दोघांना छोटी गोड चुलत भावंडं म्हणतो, एक शेताचं, एक चुलीपाशी राहणारं, दोघं मिळून आनंद वाजवतात. छान आहे, खोडकर आहे, पण त्यात ते भास होण्याचं काम नाही.

वाचन झाल्यावर हंटने काय केलं ते ग्रुप चालवणाऱ्यांनी लिहून ठेवावं. पहिली ओळ ऐकली आणि तिथेच, काय भरघोस सुरुवात आहे म्हणाला. दवाने शांतता तयार केली त्या जागी आला आणि म्हणाला, वा, परफेक्ट, शाब्बास कीट्स. ओळीवर बोट ठेवून दाद. "खूप सुंदर 👌👌" नाही. तोही संपादक होता, स्वतःची कविता हातात असताना दुसऱ्याच्या ओळीला दाद देणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. घरी जाताना कीट्स क्लार्कला म्हणाला की मला माझ्यापेक्षा हंटचंच आवडलं, आणि क्लार्कच्या मते तो हे मनापासून म्हणत होता.

मग दिलेल्या विषयावर कविता होते का? इथे तर झाली, आणि चांगली झाली. पण विषय कसा होता ते बघा. लहान, दोन किडे. कानाला माहीत असलेला. आणि दोन टोकं असलेला, एक बाहेरचं एक आतलं, एक उन्हाळ्याचं एक हिवाळ्याचं, त्यामुळे आठ आणि सहा ओळींची सुनीताची मोडणी त्यात आपोआप बसली. हंटने 'निसर्ग' असा विषय दिला असता तर मला नाही वाटत त्या रात्री काही विशेष घडलं असतं.

आपल्याकडे समस्यापूर्ती होतीच की, शेवटची ओळ द्यायची आणि कवीने वरच्या ओळी जुळवायच्या, भोजराजाच्या दरबारात 'ठठं ठठं ठः' असली निरर्थक ओळ देऊन कालिदासाकडून जिन्यावरून गडगडत जाणारा सोन्याचा घडा काढून घेतल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास म्हणून नका घेऊ, पण विषय जेवढा अडचणीचा आणि नेमका तेवढी उडी मोठी, ही समज जुनीच आहे.

फसलेल्या दोन

१८१७ च्या सुरुवातीला, पुन्हा हंटकडेच, जेवणानंतर लहर आली आणि दोघांनी जुन्या कवींसारखे पानांचे मुकुट एकमेकांच्या डोक्यावर ठेवले, आणि आता यावर सुनीत. कीट्सने काय लिहिलं? मिनिटं भराभर चाललीत आणि अजून माझ्या डोक्यात काही अलौकिक आलेलं नाही. अक्षरशः हेच. विषय मिळालाय, वेळ चाललाय, सुचत नाहीये, तर न सुचण्यावरच चौदा ओळी, जे प्रत्येक ग्रुपवर प्रत्येक महिन्याला एक जण करतोच. त्यात पाहुण्या बायका आल्या, हंटने मुकुट काढून ठेवला आणि कीट्सने मात्र हट्टाने काढला नाही. नंतर इतकी लाज वाटली की अपोलो देवाची माफी मागणारी वेगळी कविता लिहिली, मी मूर्खासारखा तुझा मुकुट घालून बसलो तेव्हा तुझा राग कुठे झोपला होता म्हणून. गंमत म्हणजे ही माफीची कविता मुकुटाच्या सुनीतापेक्षा जिवंत आहे, कारण तिच्यात खरीखुरी शरम आहे.

दुसरी जास्त बोलकी. बुधवार, ४ फेब्रुवारी १८१८, आता टेबलावर तिघं कवी, हंट, शेली आणि कीट्स, विषय नाईल नदी. तिघांपैकी कुणीही इजिप्त पाहिलेला नाही. शेलीचं सुनीत पावसाचं पाणी डोंगरातून कसं गोळा होतं तिथून सुरू होऊन ज्ञानाच्या पुराशी जातं, ठीक आहे. कीट्स आफ्रिकेतल्या चंद्रपर्वतांच्या मुला, पिरॅमिड आणि मगरींच्या राजा, अशी हाक मारून सुरू करतो आणि मग स्वतःच अडकतो, आम्ही तुला सुपीक म्हणतो तर मनात वाळवंट दिसतं, आणि शेवटी म्हणतो की तूही आमच्या नद्यांसारखीच लव्हाळी भिजवतेस, तुलाही हिरवी बेटं आहेत, तूही समुद्राकडे पळतेस. म्हणजे माहीत नसलेली नदी शेवटी त्याने माहीत असलेल्या इंग्लिश नदीत बदलून टाकली. बाजी मारली हंटने, निदान माझ्या आणि बऱ्याच वाचकांच्या मते, त्याची ओळ आहे की ही नदी जुन्या गप्प इजिप्तमधून आणि त्याच्या वाळूतून वाहते, स्वप्नातून ओवत जाणाऱ्या एखाद्या गंभीर विचारासारखी. तिघांत एरवी सगळ्यात लहान कवी तोच, पण त्या दिवशीचा विषय त्याच्या जातीचा होता.

याच काळात शेली आणि त्याचा मित्र होरेस स्मिथ यांनी पण अशीच पैज लावली होती, १८१७ च्या डिसेंबरच्या शेवटी, विषय इजिप्तच्याच एका राजाचा पुतळा आणि त्यावरचा गर्विष्ठ शिलालेख, जो डिओडोरस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवलेला. शेलीने 'ओझिमँडियस' लिहिली जी आज जगभर शाळेत आहे, स्मिथच्या कवितेचं कुणाला नावही आठवत नाही. तिथेही इजिप्त कुणी पाहिलेला नव्हता, मग ते जमलं आणि नाईल का नाही? मला वाटतं कारण त्या वेळी विषयाबरोबर वाचलेला मजकूर होता, एक वाक्य, राजाच्या तोंडचं, ज्याच्याशी भांडता येतं. नाईलबरोबर फक्त नाव होतं.

आणि मग ते पानांवरचं वाक्य

नाईलनंतर तीन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारी १८१८ ला, कीट्स आपल्या प्रकाशकाला, जॉन टेलरला लिहितो की झाडाला पानं फुटतात तितक्या सहज कविता येत नसेल तर ती न आलेलीच बरी. झालं, पहिल्या पार्टीचा झेंडा. हे वाक्य कॅलेंडरवर छापतात, पण त्याच पत्रात, त्याच्या जरा वर, तो म्हणतो की कविता कशी असावी याचा विचार करणं ती लिहिण्यापेक्षा सोपं असतं, ते कुणी छापत नाही.

आणि हा सहजतेवाला माणूस मागचं वर्षभर काय करत होता? 'एन्डिमियन' नावाचं चार हजार ओळींचं काव्य, आणि त्याबद्दल तो स्वतः लिहितो की एका साध्या घटनेतून चार हजार ओळी काढायच्या आणि त्या कवितेने भरायच्या, ही माझ्या कल्पनाशक्तीची परीक्षा आहे. ऑक्सफर्डला मित्र बेलीकडे राहिला तेव्हा सकाळी नाश्ता झाला की दोघं एकाच टेबलावर, बेली अभ्यास करतोय आणि हा ओळी लिहितोय, रोजच्या साधारण पन्नास. कोटा पुरा झाला की वाचून दाखवायच्या आणि फिरायला जायचं. एप्रिल १८१७ ला सुरू, २८ नोव्हेंबरला पूर्ण. ही सरळ नोकरी आहे.

मग खोटं बोलत होता का? मला नाही वाटत. त्याचं टेलरच्या पत्रातलं वाक्य ओळ कशी उतरते याबद्दल आहे, टेबलाशी कधी बसावं याबद्दल नाही. बसायची वेळ दुसऱ्याने ठरवली, विषय दुसऱ्याने दिला, तरी आत साठा असेल तर ओळ सहज येते, रातकिड्याची आली तशी, आणि नसेल तर स्वतःच्या मर्जीने बसलात तरी मगर आणि पिरॅमिडच येणार.

साठा कसा करायचा तेही त्यानेच लिहून ठेवलंय, टेलरच्या पत्राच्या आठच दिवस आधी, १९ फेब्रुवारीला मित्र रेनल्ड्सला. म्हणतो की माणसाने एखाद्या दिवशी भरगच्च कवितेचं किंवा अर्क काढलेल्या गद्याचं एक ठरावीक पान वाचावं, ते बरोबर घेऊन भटकावं, त्यावर विचार करावा, त्यातून काहीबाही काढावं, त्यात आपलं काही आणून घालावं, त्यावर भाकितं करावीत, स्वप्नं बघावीत, ते शिळं होईपर्यंत, आणि ते शिळं होतं कधी? कधीच नाही. एक पान. महिन्याला किती पुस्तकं संपवली त्याचा फोटो टाकणाऱ्यांनी (मीही टाकतो) हे पत्र वाचायला हरकत नाही.

आणि तो हे नुसतं सांगत नव्हता. एप्रिल १८१७ मध्ये आयल ऑफ वाइट बेटावर शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधलं एक वाक्य, समुद्र ऐकू येत नाही का तुला, त्याच्या डोक्यातून जाईना, नीट झोप नाही, पछाडल्यासारखं झालं, आणि त्यातून समुद्रावरचं सुनीत आलं. म्हणजे नाटकातल्या एका प्रश्नालाच त्याने विषय करून घेतला. २२ जानेवारी १८१८ ला तोच 'लिअर' परत वाचायला घेतला तर भावांना लिहितो की या कामाआधी नांदी म्हणून एक सुनीत हवंसं वाटलं, ते लिहिलं आणि मग वाचायला सुरुवात केली. इथे उलटंच, वाचायच्या आधी कविता! माहीत असलेलं नाटक आहे, आता त्यातून परत जायचंय, भाजून निघायचंय, म्हणून आधी स्वतःला तयार करतोय.

हिशोब कधी लागला

प्रॉम्प्टच्या, म्हणजे दिलेल्या विषयावरच्या कवितांचं त्या महिन्यात मोजमाप करू नये असं मला ही केस बघून वाटतं. सप्टेंबर १८१९, विंचेस्टर, रविवारी फिरायला गेलेला कीट्स कापणी झालेली शेतं बघतो आणि शरद ऋतूवरची ती कविता लिहितो जी त्याची सगळ्यात निर्दोष कविता मानतात. ही तर कुणी दिलेली नाही, आतूनच. पण शेवटच्या कडव्यात तो विचारतो वसंताची गाणी कुठे गेली, आणि म्हणतो जाऊ दे, तुझं तुला संगीत आहे, आणि मग आवाजांची यादी येते, चिलटं, मेंढरं, आणि कुंपणातले गाणारे किडे. अरे हे तर १८१६ च्या त्या रात्रीचंच! धरतीची कविता थांबत नाही, एक आवाज बंद झाला की दुसरा सुरू होतो, हा विचार त्याला पहिल्यांदा हंटच्या घरी, वेळ लावून, दोन किड्यांवर लिहिताना सापडला होता. तेव्हा तो चांगला अभ्यास होता, पावणेतीन वर्षांनी त्याचं सोनं झालं. मधे भाऊ गेला, टीकाकारांनी झोडपलं, स्वतःची तब्येत ढासळायला लागली होती. हा सरळ धागा आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण दोन्ही कविता शेजारी ठेवून वाचा, तुमचं तुम्हाला दिसेल.

आमच्या कट्ट्यावर

मराठीत सुनीत केशवसुतांनी आणलं, तेही इंग्रजी कविता वाचूनच, तेव्हा या केसवर आपला अगदीच हक्क नाही असंही नाही. असो. आम्ही काय बदललं ते सांगतो.

विषय लहान केले. आधी 'पाणी' दिलं होतं, तेव्हा सगळ्यांच्या कवितेत जीवन आणि प्रवाह, एकजात. मग 'नळाला पाणी यायची वेळ' दिलं तर एका काकूंनी हंडा भरत आला की आवाज कसा चढत जातो त्यावर आठ ओळी लिहिल्या, आणि त्या आधी कधी अशा लिहायच्या नाहीत. दुसरं, विषयाच्या दोन आठवडे आधी एक पान पाठवतो, कवितेचंच असं नाही, कधी जुन्या गॅझेटियरमधलं, कधी पक्ष्यांच्या पुस्तकातलं, आणि त्या पानाचा विषयाशी सरळ संबंध ठेवत नाही. यावर सुरुवातीला कुरकुर झाली, अजूनही एक जण विचारतात की मग पान कशाला. तिसरं म्हणजे दाद द्यायची तर ओळ कॉपी करून द्यायची, नुसता अंगठा चालणार नाही, यामुळे प्रतिक्रिया निम्म्या झाल्या पण आता लोक त्या वाचतात. 'काही सुचलं नाही' यावरची कविता वर्षातून एकदाच चालेल असा नियम केलाय, कीट्सलाही एकदाच परवानगी होती समजा.

एका मुलीचा आक्षेप मात्र मला खोडता आला नाही. ती म्हणाली, सर, त्याला क्लार्क होता, पुस्तक देणारा, रात्रभर बरोबर मोठ्याने वाचणारा, दुसऱ्या दिवशी पाकीट उघडणारा, आणि हंट होता, आम्हाला कोण आहे? बरोबर आहे तिचं. कट्टा महिन्यातून एकदा भेटतो, क्लार्क रोज लागतो. तिला आणि अजून एकाला जोडी लावून दिलीय, आठवड्यातून एकदा फोनवर एकमेकांना एक पान वाचून दाखवतात, चाललंय अजून तरी.

पुढच्या महिन्यासाठी पान मी पाठवणार नाहीये. प्रत्येकाने घरातलं शाळेत बक्षीस मिळालेलं एखादं पुस्तक शोधायचं, माळ्यावर असेल, आईकडे असेल, जे काय असेल ते, आणि त्यातलं कुठलंही एक पान तीन वेळा वाचायचं. बक्षीस कधी मिळालंच नसेल तर दहावीचं भूगोलाचं पुस्तक चालेल. विषय पंधरा तारखेला टाकतो, तोपर्यंत मला मेसेज करून विचारू नका.